मधे सर्व्हर नसला की फोन स्वच्छ लागतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सांगलीचे निवृत्त शिक्षक आहेत. घरी १०० एमबीपीएसची फायबर लाइन. मुलगी म्युनिकला शिकते. रोज रात्री साडेनऊला तिच्याशी इंटरनेटवरून बोलतात, तेव्हा आवाज तुटतो, मधेच पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि दोघं एकाच वेळी बोलू लागतात. रविवारी सकाळी हैदराबादच्या मुलाला धरून तिघांचा कॉल होतो, तो मात्र स्वच्छ असतो. ओळखीच्या एकाने सांगितलं की पीअर-टू-पीअर अॅप टाका, त्यात मधे सर्व्हर नसतो, फोन थेट लागतो. हे खरं आहे का, आणि टाकायचं तर कुठलं टाकायचं, हे त्यांना विचारायचं आहे.

सर, नमस्कार. मी बावीस वर्षं नेटवर्कच्या कामात आहे. त्यातली बरीचशी पुण्यात कॉल सेंटरच्या व्हॉइस लाइन सांभाळण्यात गेली. तुमच्या प्रश्नात तुम्ही एक गोष्ट जाता जाता लिहिली आहे आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात मोलाची आहे: दोघांचा कॉल तुटतो, तिघांचा तुटत नाही.

आज फोनवर जी नेहमीची कॉलिंग अॅप आहेत, त्यातली बहुतेक दोघांच्या कॉलसाठी थेट जोडणीचाच प्रयत्न करतात. म्हणजे तुमचा आवाज तुमच्या राउटरमधून निघतो आणि मधल्या कुठल्याही अॅप-सर्व्हरवर न थांबता मुलीच्या राउटरपर्यंत जातो. तीन किंवा जास्त माणसं आली की कॉल सर्व्हरवरून जातो. तेव्हा ओळखीच्या माणसाने जे औषध सांगितलं, ते बहुधा तुम्ही रोज रात्री घेतच आहात. आणि ज्या सर्व्हरला तो दोष देतो आहे, तो तुमच्या रविवारच्या स्वच्छ कॉलमध्ये मधे बसलेला आहे.

म्हणून लगेच सर्व्हर चांगला आणि थेट वाईट असा निकाल देऊ नका. दोन कॉलमध्ये वेळही वेगळी आहे, एक रात्रीचा आणि एक सकाळचा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की दोष कुणाचा हे कळत नाही. ते वेगळं कसं करायचं हे पुढे सांगतो. काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत: मुलगी हॉस्टेलच्या वायफायवर आहे की स्वतःच्या लाइनवर, तुमच्या लाइनवाल्याने तुम्हाला कुठला पत्ता दिला आहे, त्या वेळी घरात आणखी काय चालू असतं. उत्तर यावर फिरतं.

आधी १०० एमबीपीएसचं बघू, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. आवाजाला किती जागा लागते? आजकाल बहुतेक ठिकाणी ओपस नावाचा कोडेक वापरतात. कोडेक म्हणजे आवाज दाबून छोटा करणारी पद्धत. समजा तो २४ केबीपीएसवर चालला आहे. दर २० मिलिसेकंदांचा आवाज एका पाकिटात भरला, तर आवाजाचे ६० बाइट झाले. त्यावर पत्ता, क्रमांक वगैरे लिहायला आणखी ४० बाइट. असं १०० बाइटचं पाकीट सेकंदाला ५० वेळा, म्हणजे ४० केबीपीएस. तुमची लाइन याच्या अडीच हजार पट रुंद आहे. त्यामुळे कुणी तुम्हाला २०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या म्हणालं, तर केवळ आवाजासाठी घेऊ नका. व्हिडिओ असला तरी एकदोन एमबीपीएसचाच मामला असतो.

आवाजाला रुंदी नको असते, त्याला वक्तशीरपणा हवा असतो. पन्नास पाकिटं सेकंदाला, सारख्या अंतराने, आणि लवकर. सिनेमा बघताना पाच सेकंद आधीचं साठवून ठेवता येतं, बोलताना येत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं जुनं मार्गदर्शन असं आहे की एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर संभाषण नैसर्गिक वाटतं, आणि ४०० च्या पुढे जाऊ देऊ नये. तुम्ही लिहिलंय की दोघं एकाच वेळी बोलू लागतात. ते या उशिराचं लक्षण आहे. तुम्ही थांबलात हे तिला उशिरा कळतं, ती बोलू लागल्याचं तुम्हाला उशिरा कळतं.

आता म्युनिकपर्यंतचा हिशोब. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद. नेहमीची वाट मुंबईहून अरबी समुद्र, लाल समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र, मग युरोपचा किनारा आणि तिथून जमिनीवरून. नऊ-दहा हजार किलोमीटर धरा. जाण्यातच ४५-५० गेले. सांगलीहून मुंबई, मधले राउटर, तिकडची शेवटची लाइन मिळून ६०-७०. त्यात पाकीट भरायचे २०, फोनच्या माइक-स्पीकरचे काही, आणि पलीकडे पाकिटं थोडी साठवून एकसारखी वाजवणाऱ्या बफरचे ४०-६०. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही तुम्ही दीडशेच्या उंबऱ्यावर उभे आहात. यात कुठेही शंभर-दोनशेची भर पडली की लगेच जाणवणार. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ लाल समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हा भारतातली वाहतूक लांबच्या वाटांनी वळवावी लागली. असं काही झालं की घरातल्या राउटरला कितीही बदललं तरी फरक पडत नाही.

आता थेट जोडणी म्हणजे नक्की काय, ते सांगतो. कारण 'मधे सर्व्हर नसतो' या वाक्यात दोन वेगळी कामं एकत्र झाली आहेत. एक, समोरचा माणूस कुठे आहे हे शोधणं. दोन, आवाज पोचवणं. दुसरं काम थेट होऊ शकतं. पहिल्याला कुणीतरी तिसरा लागतोच.

तुमच्या घरातल्या फोनला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता नसतो. राउटर सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा असतो. आतून कुणी बाहेर पत्र पाठवलं की तो वहीत नोंद करतो: अमुक फ्लॅटने अमुक ठिकाणी पत्र धाडलं, उत्तर आलं तर त्या फ्लॅटला द्यायचं. पण बाहेरून अनोळखी माणूस आला, ज्याची नोंदच नाही, तर त्याला गेटवरूनच परत पाठवतो. मुलीकडेही असाच वॉचमन. दोघांनाही एकमेकांकडे जायचंय आणि दोन्ही गेटवर 'आतून कुणी बोलावलं नाही' हेच उत्तर.

यावर युक्ती अशी. दोघंही आधी एका ओळखीच्या सर्व्हरला विचारतात, 'मी बाहेरून कसा दिसतो?' तो सांगतो, तुझ्या गेटचा पत्ता हा, आणि तुझ्या पत्राला वॉचमनने दिलेला क्रमांक हा. या पद्धतीला स्टन म्हणतात. मग अॅपचा मध्यस्थ सर्व्हर तुमचा पत्ता मुलीला आणि तिचा तुम्हाला पोचवतो. आता दोघंही एकदमच एकमेकांना पत्र पाठवतात. तुमचं पहिलं पत्र कदाचित तिच्या गेटवर अडेल, पण ते पाठवल्यामुळे तुमच्या वॉचमनच्या वहीत तिची नोंद झाली. आता तिचं पत्र आलं की तो आत सोडतो. तिकडेही तसंच. कॉल लागताना 'कनेक्टिंग' असं एकदोन सेकंद दिसतं, त्यात हेच चाललेलं असतं. बऱ्याच वाटा एकाच वेळी चाचपून जी चालेल ती धरली जाते.

सगळे वॉचमन मात्र सारखे नसतात. काही इतके कडक की प्रत्येक बाहेरच्या पत्त्यासाठी वेगळा क्रमांक देतात. सर्व्हरने सांगितलेला क्रमांक मग मुलीच्या उपयोगाचा राहत नाही. दोन्हीकडे असा कडक वॉचमन असला की थेट वाट जवळपास बंदच. शिवाय आपल्याकडे तालुक्याच्या गावी, लहान शहरांत लाइनवाल्यांकडे जुन्या पद्धतीचे पत्ते कमी असतात, म्हणून ते शेकडो घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. म्हणजे सोसायटीच्या गेटबाहेर आणखी एक नाका. असं झालं की आवाज अनेकदा रिले सर्व्हरवरून, म्हणजे मधे घेऊन पुढे ढकलणाऱ्या मशिनवरून न्यावा लागतो, त्याला टर्न म्हणतात. अॅप हे न सांगता करतं, तुम्हाला पडद्यावर काहीच वेगळं दिसत नाही. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते असतील तर हा गुंता बराच कमी होतो, कारण प्रत्येक फोनला स्वतःचा पत्ता असतो. मोबाइल डेटावर आपल्याकडे आयपीव्ही६ बऱ्यापैकी पसरलं आहे. त्यामुळे कधी कधी घरच्या फायबरपेक्षा मोबाइल डेटावर थेट कॉल सहज जुळतो.

आता थोडं मागे जाऊ, कारण ही 'सर्व्हरशिवाय फोन' कल्पना लोकांच्या मनात बसली ती स्काइपमुळे. ऑगस्ट २००३ मध्ये स्काइप आलं. मागे स्वीडनचे निक्लास झेनस्ट्रॉम, डेन्मार्कचे यानुस फ्रीस, आणि प्रोग्रॅम लिहिणारे एस्टोनियाचे लोक. याच मंडळींनी आधी काझा हे फाइल वाटपाचं जाळं बांधलं होतं. त्यांनी केलं असं की ज्या वापरणाऱ्यांची मशिन सार्वजनिक पत्त्यावर आहेत, लाइन चांगली आहे आणि जी बराच वेळ चालू असतात, त्यांना आपोआप बढती द्यायची. अशा मशिनला सुपरनोड म्हणत. बाकीची साधी मशिन, म्हणजे नोड, त्यांना चिकटत, 'अमकी व्यक्ती ऑनलाइन आहे का, कुठे आहे' हे त्यांना विचारत, आणि गरज पडली तर दुसऱ्या कुणाच्या मशिनवरून आवाजही रिले होत असे. पूर्ण सर्व्हरमुक्त मात्र ते तेव्हाही नव्हतं. नाव आणि पासवर्ड तपासणारा लॉगिन सर्व्हर कंपनीचाच होता.

२००५ च्या सुमारास मी कोथरूडच्या एका सायबर कॅफेत मशिन बघत असे. २५६ केबीपीएसची एक लाइन आठ मशिनमध्ये. संध्याकाळी अमेरिकेतल्या मुलाशी बोलायला आईवडील यायचे. दोघांत एक हेडफोन, एकेक कान वाटून घेत. मिनिटाला पैसे मोजून आयएसडी लावणाऱ्या लोकांना अर्धा तास फुकट बोलता येतंय, हे पाहून मला जे वाटलं ते अजून आठवतं. त्या अरुंद लाइनवर आवाज स्वच्छ यायचा, कारण कोडेक चांगला होता आणि जोडणी जमेल तशी वाट काढायची. नेहमीची दारं बंद असली तर वेबच्या दारातून जायची.

पुढे वर्षभराने एका इंजिनिअरिंग कॉलेजचं नेटवर्क माझ्याकडे आलं. दिवाळीच्या सुट्टीत रात्री सर्व्हर रूममध्ये गेलो, लॅब सगळ्या बंद, तरी एका स्विचवर एकच दिवा अखंड लुकलुकत होता. ती तार धरून गेलो तर कोपऱ्यातलं एक मशिन चालू राहिलेलं, त्याला सार्वजनिक पत्ता, आणि त्यावर अशाच पद्धतीचा एक फोन-प्रोग्रॅम. त्या मशिनवर कुणीही बोलत नव्हतं. पण जोडण्यांची यादी उघडली तर पडद्याच्या खाली सरकत राहिली, ब्राझील, पोलंड, कोरिया, कुठकुठले पत्ते. आमचं मशिन अनोळखी लोकांचे फोन जुळवून देत होतं. मी बराच वेळ ती यादी बघत उभा होतो. 'मधे कुणी नाही' याचा खरा अर्थ मला त्या रात्री कळला. मधे कुणीतरी असतंच, फक्त ते कंपनीचं मशिन नसून कुणाच्या तरी घरचं किंवा कॉलेजचं असतं.

या बांधणीची ताकद आणि दुबळेपणा एकाच ठिकाणी आहे. माणसं वाढली की सुपरनोडही वाढतात, म्हणून कमी खर्चात कोट्यवधी लोकांना सेवा देता येते. एकदोन मशिन पडली तर कुणाला कळतही नाही. पण खूप मशिन एकाच वेळी गेली तर? १६ ऑगस्ट २००७ ला तेच झालं. विंडोजचा नेहमीचा अपडेट आला, जगभरची मशिन थोड्याच वेळात रीस्टार्ट झाली, सुपरनोडही त्यातच. उरलेल्यांवर सगळ्यांच्या लॉगिनचा लोंढा आला, आणि जाळ्याने स्वतःला सावरायला हवं होतं तिथे प्रोग्रॅममधला एक जुना, लपलेला दोष आडवा आला. जवळपास दोन दिवस सेवा कोलमडलेली होती.

२२ डिसेंबर २०१० ला पुन्हा. या वेळी ऑफलाइन निरोपाचे काही सर्व्हर मंदावले. त्यांची उशिरा आलेली उत्तरं विंडोजवरच्या स्काइपच्या एका विशिष्ट आवृत्तीला पेलली नाहीत आणि ती बंद पडू लागली. जवळपास निम्मे लोक ती आवृत्ती वापरत होते आणि त्यांच्यातले सुमारे ४० टक्के प्रोग्रॅम कोसळले. एकूण सुपरनोडपैकी २५ ते ३० टक्के त्यातच गेले. उरलेल्या सुपरनोडवर अचानक इतका भार आला की त्यांनीही स्वतःला वाचवण्यासाठी माघार घेतली, मग त्यांच्यानंतरच्यांवर आणखी भार. शेवटी कंपनीच्या इंजिनिअरांनी स्वतःची हजारो मोठी मशिन सुपरनोड म्हणून उभी केली तेव्हा जाळं पुन्हा उभं राहिलं. २०१२ मध्ये, मायक्रोसॉफ्टकडे गेल्यानंतर, लोकांच्या मशिनना बढती देणं थांबलं आणि त्या जागी सुमारे दहा हजार लिनक्स मशिन कंपनीनेच बसवली. मे २०२५ मध्ये स्काइप बंदच झालं.

मला विचाराल तर सुपरनोडची पद्धत सुटण्यामागे त्या पडझडींपेक्षा मोठं कारण मोबाइल हे होतं. सुपरनोड व्हायला मशिन जागं लागतं, विजेला जोडलेलं लागतं, पत्ता स्थिर लागतो. खिशातला फोन बॅटरीवर असतो, दर थोड्या वेळाने झोपतो, वायफायवरून डेटावर उडी मारतो. वापरणाऱ्यांत फोन जास्त आणि डेस्कटॉप कमी झाले, तेव्हा उचलणारे खांदे कमी आणि बसणारे जास्त अशी अवस्था आली. म्हणून आजची पद्धत मिश्र आहे: शोधायला सर्व्हर, झोपलेला फोन उठवायला सर्व्हर, आवाजाला शक्य तिथे थेट वाट.

आजही जवळपास शुद्ध पीअर-टू-पीअर अॅप आहेत, उदाहरणार्थ जामी. त्यात माणूस शोधण्याचं काम वाटून घेतलेल्या एका सारणीने होतं. प्रत्येक नोडला थोड्याच शेजाऱ्यांची माहिती असते, आणि प्रत्येक टप्प्यावर शोध निम्म्यावर येतो. दहा लाख नोड असले तरी वीसेक टप्प्यांत माणूस सापडतो. ही कल्पना मला मनापासून आवडते. पण फोनवर ती सारणी सतत जागी ठेवली तर बॅटरी जाते, आणि झोपू दिली तर आलेला कॉल वाजत नाही. म्हणून तिथेही मध्यस्थ आणि पुश नोटिफिकेशनचा आधार घ्यावा लागतो. टाकून बघायला हरकत नाही. पण तुमची तक्रार आवाज तुटण्याची आहे, आणि जामीचा आवाजही तुमच्याच राउटरमधून, त्याच समुद्राखालून, त्याच हॉस्टेलमध्ये जाणार आहे. वाट तीच राहिली तर अॅप बदलून ती वाट सुधारणार नाही.

तिघांच्या कॉलला सर्व्हर का लागतो तेही सांगतो. थेट जोडायचं म्हटलं तर प्रत्येकाला बाकी सगळ्यांना वेगळा आवाज आणि वेगळा व्हिडिओ पाठवावा लागतो. तीन माणसांत तीन जोडण्या, आठ माणसांत अठ्ठावीस, आणि प्रत्येकाचं अपलोड सातपट. घरच्या लाइनचं अपलोड तिथेच दम टाकतं. सर्व्हर असला की प्रत्येक जण एकदाच पाठवतो, पुढचं वाटप तो करतो.

आणि इथे तुमच्या कोड्याचं एक संभाव्य उत्तर आहे. थेट वाट म्हणजे जवळची वाट असं नसतं. तुमच्या लाइनवाल्याची पाकिटं म्युनिकच्या हॉस्टेलकडे कुठल्या मोठ्या कंपनीमार्फत जातात हे पैशांच्या करारांवर ठरतं. रात्री नऊ-दहाला, सगळं गाव सिनेमे बघत असताना, तो स्वस्तातला दुवा भरून जाऊ शकतो. मोठ्या अॅप कंपन्यांची मशिन मात्र बऱ्याचदा मुंबईतच असतात, तुमच्या लाइनवाल्याशी नीट जोडलेली, आणि तिथून पुढे युरोपपर्यंत त्यांची स्वतःची किंवा राखीव वाट. मग सर्व्हरवरून वळसा घालून गेलेला आवाज थेट गेलेल्या आवाजापेक्षा आधी आणि एकसारखा पोचतो. कॉल सेंटरच्या काळात मी हे आकड्यांत अनेकदा पाहिलं आहे.

पण दुसरं उत्तरही तितकंच शक्य आहे, आणि माझ्या अनुभवात तेच जास्त सापडतं: घरातलंच अपलोड. गेल्या वर्षी मिरजेत एका घरी गेलो होतो, तक्रार तुमच्यासारखीच. लॅपटॉपवरून मुंबईच्या एका पत्त्याला पिंग लावून ठेवला, म्हणजे छोटं पाकीट जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते सतत मोजत राहिलो. १४, १५, १४, १६ असे आकडे येत होते. बरोबर साडेआठला घरातला मुलगा क्लासहून आला, चपला काढल्या, फोन सोफ्यावर टाकला. दोन मिनिटांत आकडे ९०, २४०, ६१० असे चढत गेले. कुणी काही उघडलं नव्हतं. फोनने वायफाय ओळखलं आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ आपोआप चढवायला सुरुवात केली. राउटरने ती सगळी पाकिटं रांगेत घेतली, एकही टाकली नाही, आणि आवाजाचं छोटं पाकीट त्या रांगेच्या शेवटी उभं राहिलं. हिशोब सोपा आहे: अपलोड १० एमबीपीएस आणि रांगेत एक एमबी साठलं, तर मागच्याला ०.८ सेकंद थांबावं लागतं. बॅकअप थांबवला, आकडे पुन्हा १५ वर. त्या घरच्या आजी म्हणाल्या, 'म्हणजे याच्या फोटोंमुळे माझं बोलणं अडतंय होय?' अगदी तसंच होतं.

हा उशीर सारखा नसतो, वरखाली होतो, त्याला जिटर म्हणतात. पाकीट फार उशिरा आलं तर पलीकडचा फोन त्याची वाट बघत नाही, मागच्या आवाजावरून अंदाजाने जागा भरतो. एखादं पाकीट असं भरलं तर कानाला कळत नाही. लागोपाठ चार-पाच गेली की तो आवाज पाण्याखालचा होतो. तुम्ही वर्णन बरोबर केलं आहे.

तेव्हा करायचं असं. पहिल्या रात्री फक्त घरातलं बदला: साडेनऊच्या आधी घरातल्या सगळ्या फोनचा फोटो बॅकअप बंद, टीव्ही बंद, आणि तुम्ही राउटर असलेल्याच खोलीत बसून बोला, वायफाय ५ गिगाहर्ट्झवर. आवाज सुधारला तर दोष घरात आहे. मग राउटरमध्ये अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर लावा, किंवा रांगेची काळजी घेणारी सोय असेल तर चालू करा. रांग राउटरमध्ये साठतच नाही आणि बॅकअपही चालू ठेवता येतो.

सुधारला नाही, तर दुसऱ्या रात्री सगळं पूर्ववत ठेवून अॅपमध्ये एक सेटिंग बदला. व्हॉट्सअॅपमध्ये प्रायव्हसीच्या अॅडव्हान्स्ड भागात कॉलमधला आयपी पत्ता, म्हणजे तुमचा इंटरनेटवरचा पत्ता, लपवण्याची सोय आहे, सिग्नलमध्ये कॉल नेहमी रिले करण्याची. हे चालू केलं की दोघांचा कॉलही सर्व्हरवरून जातो. यामुळे आवाज बिघडू शकतो असं अॅप सांगतं, आणि चांगल्या थेट वाटेवर ते खरंही आहे. पण तुमच्याकडे उलटं झालं, आवाज स्वच्छ आला, तर थेट वाटच खराब आहे. मग ते सेटिंग तसंच राहू द्या. गुप्ततेची काळजी करू नका. आवाज दोन्ही टोकांना कुलूपबंद असतो, मधला रिले फक्त बंद पाकीट पुढे ढकलतो. थेट कॉलमध्ये उलट समोरच्याला तुमचा पत्ता दिसतो. मुलीशी बोलताना त्याचं काही नाही, अनोळखी माणसाशी बोलताना असतं.

तिसऱ्या रात्री मुलीला हॉस्टेलचं वायफाय सोडून तिच्या मोबाइल डेटावरून बोलायला सांगा. त्या वेळी तिकडे संध्याकाळचे पाच-सहा वाजलेले असतात आणि हॉस्टेलमध्ये सगळे नुकतेच परतलेले असतात. अनेकदा सांगलीत शोधत बसलेला दोष तिकडच्या मजल्यावरच्या एका वायफाय डब्यात सापडतो.

जमलं तर एका रविवारी सकाळी तुम्ही दोघंच बोला, आणि एका रात्री तिघं मिळून. वेळ आणि वाट या दोन गोष्टी त्यातूनच सुट्या होतील.

या चारही प्रयोगांनंतर काय झालं ते इथे लिहा. सोबत राउटरच्या पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, टिंबांनी तोडलेल्या पहिल्या दोन संख्यांपुरता सांगा, पूर्ण लिहू नका. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये किंवा १० ने सुरू होणारा असेल तर तुम्ही त्या दुसऱ्या नाक्यामागे आहात. तेव्हा लाइनवाल्याला आयपीव्ही६ चालू करून द्यायला सांगा. बऱ्याच ठिकाणी ते नुसतं मागितल्यावर मिळतं. त्याच्याशी काय शब्दांत बोलायचं ते मी लिहून देईन.